शेण काढणारीला आधी कळतं

(दूध धंद्यातल्या बायकांच्या शिबिरात केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडे संक्षिप्त केले आहे.)



मघाशी ताईंनी फळ्यावर आजचा विषय लिहिला, 'गाई-म्हशींचा माज ओळखणे', तेव्हा मागच्या रांगेत काही जणींनी पदर तोंडाला लावला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी स्वतः हे काम शिकायला गेले, तेव्हा पहिले आठ दिवस तो शब्द माझ्याही तोंडून निघत नव्हता. गोठ्यात गाय माजावर आली की घर खूश. पण सुनेनं उलट उत्तर दिलं की 'माज आलाय का तुला?' पोरगी मोठ्यानं हसली की 'माजली'. ज्या गोष्टीवाचून गोठ्यात दुधाचा थेंब मिळायचा नाही, तीच बाईच्या बाबतीत शिवी होऊन बसते. मग गाय खरोखर माजावर आली तरी सासऱ्याला, दिराला, परक्या डॉक्टरला ते सरळ सांगायची चोरी. 'गाय ओरडतेय', 'तिला बरं नाही', 'तिला तसं झालंय' असं काहीतरी बोलायचं. समोरच्याला कळलं तर कळलं.

ही लाज आपल्याला केवढ्याला पडते ते मला आज सांगायचं आहे. आणि माज बघायचा कसा तेही सांगणार आहे, नुसतं भाषण ठोकून जाणार नाही.

आधी माझ्या घरचं सांगते. १९८४-८५ सालची गोष्ट. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बँकेचं कर्ज काढून एक जर्शी गाय घेतली होती. आमच्या वस्तीवरची ती पहिलीच. मी बारा-तेरा वर्षांची. शाळेत जाण्याआधी गोठ्यातलं शेण काढायचं काम माझं. एके दिवशी पहाटे पाटी भरताना दिसलं, गाय बसली होती तिथं जमिनीवर काचेसारखं पाणी पडलंय आणि शेपटीला तार लोंबतेय. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "गप बस, मोठ्यानं बोलू नको." ओसरीवर आजोबा होते, पाहुणे होते. सासऱ्यासमोर ती हे बोलणार कशी? म्हणाली, रात्री सांगते. रात्री जेवणं झाल्यावर तिनं तात्यांच्या कानावर घातलं. सकाळी तात्या सायकलवरून दवाखान्यात गेले, डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेले. ते आले तिसऱ्या दिवशी दुपारी. गाय भरवली. तीन आठवड्यांनी ती उलटली. पुन्हा तेच. असं तीनदा झालं. मग दूध आटलं, गाय भाकड झाली, लोक वांझ म्हणू लागले. निम्म्याहून कमी किमतीत ती बाजारात गेली, कर्ज मात्र राहिलं. माझ्या थोरल्या बहिणीची शाळा त्याच वर्षी सुटली. आणि आजी आईला येताजाता म्हणायची, "हिच्या हाताला गुण नाही."

पुढे वीस वर्षांनी मी कृत्रिम रेतनाचं प्रशिक्षण घेतलं. तिथल्या सरांनी बारा तासांचा नियम सांगितला, तेव्हा मी वहीत समासात माझ्याच घरच्या गाईचा हिशेब मांडला. पहाटे दिसलेला सोट आणि तिसऱ्या दिवशीची दुपार. मध्ये पन्नासहून जास्त तास गेले होते. कुठल्याही गाईला त्यात गर्भ राहणं शक्य नव्हतं. त्या दिवशी वसतिगृहावर परत आल्यावर मी आईला पत्र लिहिलं. आजी तेव्हा हयात नव्हती.

तर तो बारा तासांचा नियम काय आहे? गाय दर एकवीस दिवसांनी माजावर येते. अठरा ते चोवीस दिवस धरा. माज टिकतो साधारण बारा ते अठरा तास, काही संकरित गाईंत त्याहूनही कमी. गंमत अशी की स्त्रीबीज सुटतं ते माज ओसरल्यावर, दहा-बारा तासांनी. आणि सुटल्यावर ते काही तासच तग धरतं. नरबीजाला मात्र आत गेल्यावर तयार व्हायला थोडा वेळ लागतो. म्हणजे नरबीज आधी पोचून वाट बघत असलं पाहिजे. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठात १९४०च्या दशकात ट्रिंबर्गर नावाच्या संशोधकानं गाईंवर प्रयोग करून हे मांडलं, आणि अजून जगभर तोच नियम शिकवतात. मात्र बारा तास मोजायचे ते माज सुरू झाल्यापासून. कधी सुरू झाला हेच माहीत नसेल, तर शीतपात्रातली कांडी कितीही उत्तम वळूची असो, ती फुकट गेली.

आपल्या देशात कृत्रिम रेतनाला १९३९ साली म्हैसूरमध्ये सुरुवात झाली. महाराष्ट्रात ते गोठ्याच्या दारापर्यंत पोचलं त्यात उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंचा, १९६७ साली त्यांनी काढलेल्या 'बाएफ'चा मोठा वाटा. उणे १९६ अंशावरच्या द्रव नायट्रोजनमध्ये रेत वर्षानुवर्षं टिकतं, मोटारसायकलवर बांधून वस्तीवर नेता येतं, ही साधी गोष्ट नाही. हे सगळं शास्त्र पुरुषांनी आत्मसात केलं, त्याचा मान त्यांना मिळालाच पाहिजे. पण त्या साखळीची पहिली कडी एक बाई आहे. पहाटे पाच वाजता हातात खराटा घेतलेली. ती बोलली नाही तर पुढचं सगळं जागेवरच.

का ती पहिली? कारण माज दिसतो तोच मुळी शेणात आणि दुधात. आपल्याकडच्या गाई दावणीला बांधलेल्या. मोकळ्या गाईंत माजाची खात्रीची खूण एकच, दुसरी गाय अंगावर चढली तरी ती हलत नाही, उभी राहते. लक्षात ठेवा, उभी राहते ती माजावर. चढणारी असेलच असं नाही. मुक्त संचार गोठा ज्यांनी केलाय त्यांना हे दिसतं. बांधलेल्या गाईवर कोण चढणार? मग उरतात त्या बारीक खुणा. गाय हंबरते, दाव्याला ओढ देते, चाऱ्यावर लक्ष नसतं, थोडं थोडं मुतते, शेपटी एका बाजूला धरते, निरण सुजून लालसर होतं. दूध अचानक लिटर-दीड लिटरनं घटतं. आणि सोट, कुणी बळस म्हणतं. स्वच्छ, काचेसारखा, तार न तुटता लोंबणारा. गाय बसली की पोटावर दाब येतो आणि तो बाहेर पडतो. म्हणून रात्री आणि पहाटे, गाय उठायच्या आत, तिच्या मागची जमीन बघायची. शेण काढताना आपण एका फटक्यात तो पुरावा झाडून टाकतो! आधी बघा, मग झाडा. शेपटीला, मांडीला वाळून चिकटलेला दिसला तर माज रात्रीच सुरू झालाय असं समजा. सोट गढूळ असेल, पांढरट पुवासारखा असेल, तर गर्भाशयात दोष आहे. तेव्हा भरवू नका, उपचार करा.

एक गैरसमज इथं काढून टाकते. माज गेल्यावर एक-दोन दिवसांनी काही गाई थोडं रक्त टाकतात. पुष्कळ घरांत त्याला गाईचा विटाळ म्हणतात आणि तेव्हा डॉक्टरला बोलावतात. बाईच्या पाळीशी त्याचा काही संबंध नाही. त्या रक्ताचा अर्थ एवढाच की माज येऊन गेला. गर्भ राहिला की नाही, तेही त्यावरून कळत नाही. तेव्हा भरवलं तर पैसे वाया. भिंतीवर तारीख लिहा आणि सतरा-अठरा दिवसांनी पुन्हा नजर ठेवायला लागा.

तारखेवरून आठवलं. आमच्या भागात एक मावशी आहेत. लिहिता-वाचता बेताचं. त्यांच्या घरच्या कॅलेंडरवर मला दोन प्रकारच्या खुणा दिसल्या, काही पेनाच्या फुल्या, काही कुंकवाचे ठिपके. विचारलं तर हसल्या. म्हणाल्या, "फुल्या गाईच्या, ठिपके सुनेचे. सणवाराला घोळ नको म्हणून." त्या घरात गाय फारशी उलटत नाही. ठिपक्यांबद्दल आपल्याला बोलायचं आहे, ते उद्याच्या सत्रात बोलू. फुल्यांबद्दल एवढंच की त्यांच्या मालकांना गाय कधी भरवली ते विचारलं तर 'गेल्या महिन्यात असेल' म्हणाले. मावशींना तारीखच काय, वेळसुद्धा पाठ. क्वचित गाभण गायही माजासारखं वागते. अशा वेळी आम्ही तारीख न विचारता आत नळी घातली तर गर्भ पडू शकतो. म्हणून मी आता पोचले की मालकांशी रामराम करते आणि प्रश्न बाईला विचारते.

सुरुवातीला हे लोकांना रुचायचं नाही. मी तर बाई, त्यात हे काम. एका गावात म्हातारबाबांनी मला गोठ्याच्या दारातून परत पाठवलं होतं. दुसऱ्या वर्षी त्यांच्याच सुनेनं मला फोन केला. पहाटे, दबक्या आवाजात. नवऱ्याचा फोन तिनं चोरून घेतला होता. "ताई, तिला रात्री दहापासून सोट आहे." एवढं एका दमात बोलून ठेवून दिला. आडून आडून नाही, थेट शब्दात! मी दुपारी गेले. गाय लागली. पण त्या सुनेला हे फोनचं प्रकरण महागात पडलं, दोन दिवस घरात कोणी तिच्याशी बोललं नाही. वासरू झाल्यावर मात्र पेढे घेऊन तिचा नवरा आला.

आता एका सहकारी संस्थेच्या कचेरीतला अनुभव, नाव घेत नाही. माज ओळखण्याचं प्रशिक्षण ठेवलं होतं, मला बोलायला बोलावलं. वेळ सकाळी अकराची. सभागृह भरलेलं, सगळे पुरुष. चहा झाला, पडद्यावर चित्रं झाली. मी विचारलं, तुमच्यापैकी आज सकाळी शेण कोणी काढलं? चार हात वर. मग मी म्हटलं, ज्यांनी काढलं त्यांना का नाही आणलं? एक गृहस्थ सरळपणे म्हणाले, "त्या आल्या तर गुरांचं कोण बघणार?" मला त्यांचा राग आला नाही; त्यांनी खरं तेच सांगितलं. पण सभासद पुस्तकात नाव त्यांचं, दुधाचा पगार त्यांच्या खात्यात, गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरच्या बारा आकड्यांपुढे मालक म्हणून नोंद त्यांची, आणि शिक्षणही त्यांनाच. गाय उलटली की तेवढी मात्र बाई विचारायला: लक्ष कुठं होतं तुझं?

पैशाचं बोलते, कारण त्याशिवाय ऐकत नाहीत. भाकड गाईला रोज दोनशे रुपयांचा चारा-पेंड लागतो असं धरून चालू. एक माज हुकला की पुढचा एकवीस दिवसांनी. चार हजार दोनशे रुपये गेले, आणि पुढचं वेत तितकं लांबलं ते वेगळंच. विल्यानंतर गर्भाशय जागेवर यायला दीडेक महिना लागतो, म्हणून साठ दिवसांनंतरच्या माजावर भरवावी आणि वर्ष-तेरा महिन्यांत पुन्हा वासरू मिळावं असा हिशेब असतो. त्यात दोन-तीन माज हुकले की धंदा तोट्यात. अर्थात माज हुकतो तो सगळाच नजरेच्या चुकीनं नाही. विल्यावर गाय दुधात अंग झिजवते, खुराक पुरा पडला नाही तर ती माजावर येतच नाही. हाडं दिसणाऱ्या गाईला इंजेक्शन देऊन काय होणार? तिला आधी खायला घाला. घरातल्या बाईलाही तेच लागू आहे, असो.

ज्या देशांत मांसासाठी गाई पाळतात तिथं हे काम कसं करतात, याचं मला कुतूहल होतं. अमेरिकेत मोठमोठ्या कुरणांवर शेकडो गाई मोकळ्या असतात. तिथं धार काढायची नाही, म्हणजे रोज जवळ जाणारं, दूध घटलं हे ओळखणारं कोणी नाही. म्हणून रेतनाच्या हंगामात माणसं पगारावर ठेवतात, ती सकाळ-संध्याकाळ घोड्यावरून किंवा गाडीतून फिरून कोणती गाय उभी राहते ते टिपतात. गाईच्या माकडहाडावर पट्टी चिकटवतात. दुसरी चढली की घासून रंग दिसतो. नसबंदी केलेल्या वळूच्या हनुवटीखाली रंगाचं भांडं बांधतात, तो चढला की पाठीवर रंग उमटतो. हे नको असेल तर संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन सगळ्या गाई एकदम माजावर आणतात आणि ठरल्या वेळी भरवतात. हे वाचताना मला एकच गोष्ट लागली. तिथं बघण्याला मोल आहे. खर्चाच्या पानावर ते मजुरी म्हणून लिहिलं जातं. आपल्याकडे ते काम कोण करतं, हे कुठल्याच पानावर नाही.

ती इंजेक्शनं आता आपल्याकडेही आली आहेत, योग्य जागी उपयोगीही आहेत. पण एक सूचना कान देऊन ऐका. प्रोस्टाग्लँडिन जातीचं औषध कातडीतून शरीरात शिरतं. गरोदर बाईनं त्याची कुपी, सुई अजिबात हाताळू नये, गर्भपात होऊ शकतो. दम्याच्या माणसानंही नको. आमच्यातले काही जण 'वहिनी, जरा धरा' म्हणून सिरिंज हातात देतात. धरू नका. अंगावर सांडलंच तर लगेच साबणानं धुवा. हे सांगायला कोणी येत नाही.

दुसरं नवं म्हणजे लिंगनिवडीची कांडी. तिच्यानं शंभरातली नव्वदच्या आसपास वासरं कालवडी होतात. सगळ्यांना हवी आहे ती. मला त्या कांडीचं पहिलं प्रशिक्षण झालं त्या दिवशी सारखं १९८८ साल आठवत होतं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा त्या साली महाराष्ट्रात झाला, तो बायकांच्या चळवळीनं रेटून. गोठ्यात पोरगी झाली की पेढे आणि घरात झाली की तोंड पाडायचं, हे मी एकाच घरात एकाच आठवड्यात पाहिलंय. असो. कामाचं सांगायचं तर नेहमीच्या कांडीत दोन कोटींच्या आसपास शुक्राणू असतात, हिच्यात वीस लाखांच्या. म्हणजे चुकीला जागा कमी. वेळ आणखी नेमकी गाठायला हवी. शास्त्र जितकं पुढं गेलं, तितकी पहाटेच्या त्या नजरेची गरज वाढली.

गळ्यात बांधायचे पट्टेही निघालेत. गाय जास्त हालचाल करू लागली की मोबाइलवर निरोप येतो. चांगलं आहे. फक्त तो मोबाइल कोणाच्या खिशात असणार, ते तुम्हीच सांगा.

म्हशीवाल्या जणी गप्प बसल्या आहेत. त्यांचं दुखणं मोठं, म्हशीचा माज मुका. ती हंबरत नाही, सोटही कमी, तोही बसल्यावरच. माज दिसतो तो बहुतेक रात्री किंवा पहाटे. पान्हा चोरते, थोडं थोडं मुतते, एवढ्यावरून ओळखायचं. उन्हाळ्यात तर खुणा जवळजवळ लपतात. सावली द्या, दुपारी अंगावर पाणी घाला. पावसाळा सरता सरता ते थंडीभर तिचा खरा हंगाम, तेव्हा एकही माज सोडू नका.

आता एक गोष्ट माझ्याच विरुद्ध बोलते. तज्ज्ञ सांगतात, दिवसातून तीनदा, वीस-वीस मिनिटं गाईकडे नुसतं बघत उभं राहा. पहाटे, दुपारी, रात्री दहाला. मीही वर्षानुवर्षं हेच सांगत आले. एकदा एक बाई म्हणाली, "ताई, रात्री दहाला मी भांडी घासते. वीस मिनिटं नुसतं बघत उभं राहायला मला आजवर कुणी दिलंय का?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून आता मी सांगते, रात्रीची फेरी घरातल्या पुरुषानं घ्यावी. बॅटरी घेऊन गाईच्या मागची जमीन बघायला शिकायला एक दिवस पुरतो, आणि शिकवायचं तुम्ही. काही घरांत सुरू झालंय. एक आजोबा तर आता सुनेला सकाळी रीतसर वर्दी देतात, "सोट नाही, पण मुतत होती."

आणि घरी गेल्यावर एवढं करा. तुमच्या भागातल्या डॉक्टरचा नंबर तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये घ्या, नसेल तर दारामागं खडूनं लिहून ठेवा. भरवल्यावर जी पावती मिळते, तिच्यावर मालकाच्या नावाखाली तुमचं नाव घालायला सांगा. पावतीवर तशी जागा नाही म्हणतील, मलाही म्हणाले होते. मी माझ्या डायरीतच एक रकाना आखला, 'माज कोणी पाहिला'. इतक्या वर्षांच्या डायऱ्या घरी आहेत. कधी या, पानं चाळा, तुमच्या आत्याबाईंची, जावांची नावं सापडतील. भरवल्यावर दोन-अडीच महिन्यांनी गाभण तपासणी करून घ्या. एकवीस दिवसांनी उलटली नाही म्हणून गाभण धरून बसू नका.

बाकीचे प्रश्न गोठ्यातच घेऊ. इथल्या ताईंनी सकाळी सांगितलं की त्यांची काळी गाय रात्रीपासून ओढ देतेय आणि आज दूध कमी निघालं. त्यांनी अजून मागची जागा झाडलेली नाही, मुद्दाम ठेवली आहे. चला. आधी तुम्ही बघा, काय वाटतं ते मोठ्यानं सांगा. मी त्यानंतर हातमोजा घालते.